इंची लेथवर आटे : मेट्रिकचा दुसरा कट जागेवर पडत नाही, आणि जुना नट पहिल्या आट्यापासून जड

हर्णैची_टर्नर

नमस्कार मंडळी.

हर्णै बंदराजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनी आयुष्यभर चालवलं. आता त्यांना व्हर्नियरवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून मशीनवर मी आणि ते बाजूला खुर्ची टाकून. मी आयटीआय टर्नर, पण नंतर चाकणला सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) होते. तिथे आटे म्हणजे प्रोग्रॅममधली जी ७६ ची ओळ. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि खोली टाकली की संपलं. इथे ती ओळ स्वतःच्या दोन हातांनी चालवायची आहे.

मशीन सहा फुटी, कोन पुली, पट्टा, वेग कमी करायला बॅक गिअर. गिअर बॉक्स नाही, सुटे गिअर बदलायचे. लीड स्क्रू, म्हणजे टूल असलेलं कॅरेज ओढणारा लांब स्क्रू, इंचाला चार आट्यांचा. हेडस्टॉकवर गिअरचा तक्ता होता, त्यावर कधीकाळी कोणीतरी हिरवा रंग मारून ठेवलाय. तीन फेजची मोटर, फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच. काम पकडणारा चक फिरणाऱ्या स्पिंडलवर आट्यांनीच चढतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर काढलेल्या. त्यामुळे शाफ्ट, पंखा (बोटीचा प्रोपेलर), पंप सगळ्यांना याच दोन महिन्यांत करून हवं असतं आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की दारात माणसं उभी राहतात. म्हणून विचारतेय, सविस्तर सांगा.

पहिली अडचण. इंजिन बसवायचे स्टड करायचे होते, एम २४ (मेट्रिक, २४ मिमी व्यास), पिच ३ मिमी. पहिला हलका ओरखडा काढला, पिच गेजने पाहिला, बरोबर. हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूवर पकडणारा) सोडून कॅरेज मागे आणलं, आटे पाडायच्या डायलची तीच रेघ बघून पुन्हा टाकलं, तर टूल पहिल्या दोन आट्यांच्या मधोमध. पुढच्या खेपेला आणखी तिसरीकडे. आयटीआयमध्ये डायलवरच शिकवलं होतं आणि तिथे जमायचं. बाबा एवढंच म्हणतात, "हाफ नट सोडायचा नाय." का, असं विचारलं की "सोडायचा नाय म्हणजे नाय."

दुसरी. पंख्याचा शाफ्ट, स्टेनलेस, दीड इंची, टोकाला एक इंची आटे. मालकाकडे जुना गनमेटलचा नट आहे, तोच बसवून हवा. पिच गेज लावला, इंचाला ८. तसेच पाडले. नट पहिल्या आट्यापासूनच जड जातो आणि दोन-तीन फेऱ्यांत पान्यालाही दाद देत नाही. आणखी खोल घेतलं तर जातो, पण मग खुळखुळतो. अडतो नाहीतर खुळखुळतो, मधलं काही मिळत नाही.

तिसरी. स्टेनलेसवर आट्यांच्या बाजू खरवडलेल्या नारळासारख्या येतात. टूल एचएसएसचं (हाय स्पीड स्टील), ६० अंशाला घासलेलं, सेंटर गेजला लावून पाहिलेलं. बॅक गिअरवर साधारण साठ आरपीएम.

आणि एक मत हवं. कंपाउंड (वरची, तिरकी वळवता येणारी स्लाइड) २९ अंशांवर वळवून कट द्यायचा की क्रॉस स्लाइडने (आडव्या स्लाइडने) सरळ? पुस्तकात २९ आहे. बाबा सरळ देतात.

चाकणवाला_सीएनसी

ताई, एचएसएस सोडा आणि १६ ईआर एजी ६० चा, म्हणजे ६० अंशाच्या तयार कार्बाइड इन्सर्टचा, होल्डर घ्या. धार लावायची कटकटच नाही. आणि एक इंचापर्यंत डाय (आटे पाडायची तयार चकती) मिळतातच की, लेथवर शाफ्ट धरून डाय फिरवून टाका. बंदी संपायला किती दिवस राहिलेत, त्यात कुठे गिअर बदलत बसता?

देवगडचा_लेथवाला

चाकणवाल्या, एक इंची स्टेनलेसवर नुसता डाय फिरवून दाखव, मी चहा घेऊन बघायला येतो. लेथवर बहुतेक खोली काढून शेवटी साफ करायला डाय फिरवलास तर गोष्ट वेगळी. आणि तुझ्या त्या ६० च्या इन्सर्टनेही तिचा नट बसणार नाही. का, ते खाली येईल.

बाय, तुझे बाबा बरोबर सांगतात, फक्त कारण सांगत नाहीत. आमच्या पिढीला कोणी कारणं सांगितलीच नव्हती, त्यामुळे पुढे द्यायला आमच्याकडे सवयीच असतात. मी काम कमी केल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा हिशेब लागला, तो असा.

लीड स्क्रू इंचाला चार, म्हणजे त्याचा एक आटा ६.३५ मिमीचा. हाफ नट सोडून पुन्हा टाकलास की तो ६.३५ च्या टप्प्यांवरच पकडणार. तुझे आटे ३ मिमीचे. टूल जुन्याच चरीत पडायचं तर कॅरेज जेवढं सरकलं ते अंतर ६.३५ च्याही पटीत हवं आणि ३ च्याही. असं पहिलं अंतर येतं ३८१ मिमीवर, म्हणजे बरोबर १५ इंच. डायलखालच्या चाकाचे दाते मोज, १६ असतील. म्हणजे डायलची एक फेरी ४ इंचांची. तिला पंधरा इंचांचा हिशेब कसा कळणार? म्हणून इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना पहिल्या ओरखड्यापासून शेवटच्या कटपर्यंत हाफ नट बंदच. मशीन उलटी फिरवून कॅरेज मागे आणायचं.

आयटीआयमध्ये जमायचं, कारण तिथे जसा लीड स्क्रू तसेच आटे दिले असणार. तुझ्याच मशीनवर इंची आट्यांना डायल उत्तम चालेल. ८ आट्यांना तर ती बघायचीही गरज नाही. ८ ला ४ ने भाग जातो, हाफ नट पडेल तिथे पडू दे. १० किंवा १४ ला डायलची कुठलीही रेघ. ११ ला, म्हणजे पाण्याच्या एक इंची पायपाचे आटे असतात तसे, फक्त आकडे लिहिलेल्या रेघा.

आता उलटं फिरवायचं तंत्र. कट संपला की आधी टूल बाहेर, मग मशीन बंद, चक पूर्ण थांबू दे, आणि मगच रिव्हर्स. हा क्रम हातात मुरेपर्यंत दुसरं काही शिकू नकोस. टूल आत असताना उलटं फिरवलंस तर टोक जागच्या जागी उडतं. मागे येताना शाफ्टच्या टोकाच्या बाहेर बोटभर ये आणि मग पुढे चाल. गिअरमध्ये आणि हाफ नटमध्ये जी ढिलाई असते ती त्या बोटभरात भरून निघते. टोकाला चिकटून सुरुवात केलीस तर पहिला दीड आटा कायम पातळ येणार आणि कारण सापडणार नाही.

तुझा चक आट्यांवर आहे, त्याची मला जास्त काळजी. जोरात फिरत असताना एकदम रिव्हर्स मारलास तर तो स्पिंडलवरून सुटतो, आणि सहा-आठ इंची चक बेडवर पडला की बेडही जातो आणि खाली पाय असला तर पायही. बॅक गिअरवरच काम कर आणि सकाळी चक घट्ट बसलाय का ते रोज बघ.

पावसाळ्यात मधेच लाइट जाणार हे धरूनच चाल. गेली की हाफ नटला हात लावायचा नाही. क्रॉस स्लाइडचा आकडा खडूने लिहून ठेव, टूल मागे घे. हाफ नट बंद आहे तोवर स्पिंडल आणि कॅरेज यांची जोडी तुटत नाही, तासाने लाइट आली तरी. आणि टूल धार लावायला मधेच काढलंस तर परत बसवून मशीन पुढच्या दिशेने थोडी चालव, टूल आट्यांच्या समोर आलं की थांबव, आणि कंपाउंड व क्रॉस स्लाइड हलवून टोक चरीत नेमकं बसव. खाली पांढरा कागद धरलास की दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिसतो की नाही ते कळतं.

गिअर. मेट्रिक पिचला पाचाने गुण, लीड स्क्रूच्या आट्यांनी गुण, खाली १२७ लिही. तुझ्या ३ पिचला ३ × ५ × ४ = ६०. म्हणजे स्पिंडलकडे ६०, लीड स्क्रूवर १२७, मधला गिअर कुठलाही चालेल, तो फक्त दिशा बदलतो. दोन पिचला ४० आणि १२७. हा १२७ आकाशातून पडलेला नाही, २५.४ गुणिले ५ आहे. काही डब्यांत १२७ नसतो, मग लोक ६३ दातांचा लावून चालवतात. ३० आणि ६३ ने ३ ऐवजी ३.०२४ पिच मिळते. चोवीस मिमी लांबीच्या नटात ती चूक ०.१९ मिमी होते, नट कुरकुरत जातो. लांब आट्यांना अजिबात वापरू नकोस.

तक्ता रंगाखाली गेलाय तर काही बिघडत नाही. गिअर लावल्यावर हाफ नट टाक, चक हाताने दहा फेऱ्या फिरव आणि कॅरेज किती सरकलं ते मोज. ३० मिमी भरलं की गिअर बरोबर. सुरुवात मात्र एक-दोन फेऱ्या फिरवून ढिलाई काढल्यावर मोजायला घे. हा तपास तक्त्यापेक्षा भरवशाचा. तक्ते मी चुकीचे छापलेलेही पाहिलेत.

नटाचं सांगतो. हीच खरी गोष्ट आहे, आणि बंदरावर काम करणाऱ्याला मशीनच्या आधी ही यायला हवी. पिच चुकली असती तर नट पहिल्या दोन फेऱ्या मोकळा गेला असता आणि मग अडला असता. अर्धा इंची नटात हे नेहमी होतं. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा अर्धा इंच १२ आट्यांचा, अमेरिकन यूएनसी मापाचा १३ चा, चार आटे आत गेले की दोघांचं भांडण सुरू. तुझा पहिल्या आट्यापासून जड. म्हणजे पिच बरोबर, कोन वेगळा.

एक इंच व्हिटवर्थ ८ आट्यांचा आणि एक इंच यूएनसीही ८ चाच. पिच गेज दोन्हीकडे हो म्हणतो. पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंश. व्हिटवर्थसाहेबाने १८४१ साली इंग्लंडात तो ठरवला आणि आपल्या बोटींवरचे जुने नट अजून त्याचंच ऐकतात. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण गनमेटलच्या नटाला कायदा कोण वाचून दाखवणार? तू ६० ने चर पाडलीस. ती तळाशी ५५ पेक्षा अरुंद पडते, त्यामुळे नटाच्या आट्याचं टोक चरीच्या तळाजवळ घासतं. खोल घेतलंस की तळ मोकळा होतो, पण मग वरच्या बाजूला आधारच राहत नाही. म्हणून खुळखुळतो. मधलं काही मिळत नाही असं तू लिहिलंस ते बरोबर आहे, त्या टूलने ते मिळणारच नाही.

नटाच्या आत मेण दाबून छाप काढ. ५५ चं पान असलेला इंची पिच गेज त्या छापाला लाव आणि उजेडाकडे धरून बघ. फट दिसली नाही तर व्हिटवर्थ. टूल ५५ ला घास. टोक टोकदार ठेवू नकोस, व्हिटवर्थचा तळ गोल असतो. ८ आट्यांना त्या गोलाईची त्रिज्या ०.४३ मिमीच्या आसपास येते, ऑइलस्टोनवर हळूहळू दे. खोली पिचच्या ०.६४ पट, म्हणजे ३.१७५ ला २.०३ मिमी एका बाजूने. मेट्रिकला ०.६१३ पट, तुझ्या ३ पिचला १.८४. तुझ्या क्रॉस स्लाइडची डायल त्रिज्या दाखवते की व्यास, हे डायल इंडिकेटर लावून एकदा खात्री करून घे. जुन्या मशीनवर दोन्ही प्रकार आहेत. आणि आकडा भरला म्हणून थांबू नकोस. शेवटचे कट नट हातात घेऊनच द्यायचे, कारण जुना नट थोडा झिजलेला असतोच.

स्टेनलेस. ३०४ असो की ३१६, घासलं की जागेवर कडक होतं. नवीन माणूस घाबरून दोन-दोन शतांश मिमीचे कट देतो, टूल कापत नाही, नुसतं चोळतं, आणि पुढच्या कटला समोर आधीपेक्षा कडक कातडी. सुरुवातीला पाव मिमी घे, मग ०.२, ०.१५, शेवटी ०.०८ च्या खाली जाऊ नकोस. शेवटी काही न वाढवता एकदाच फिरव, दहादा नाही. साठ आरपीएमला एक इंचावर मिनिटाला पाच मीटरही होत नाहीत, त्या वेगाला धारदार एचएसएसच योग्य. कार्बाइड इतक्या हळू चालवलं आणि थांबत-थांबत चालवलं की कडेचे टवके उडतात.

टूलची डावी बाजू बघ. एक इंच ८ आट्यांचा चढ अडीच अंशांचा आहे. चककडे तोंड असलेल्या बाजूला नेहमीच्या क्लिअरन्समध्ये (टूल घासू नये म्हणून दिलेल्या उतारात) तेवढे अडीच आणखी दिले नाहीत तर टूलचं पोट आट्याच्या भिंतीला घासतं, आणि तुझं ते खरवडलेलं काम निम्मं तिथूनच येतं. टूलची उंची सेंटरला काटेकोर ठेव. तेल ब्रशने, प्रत्येक कटला, गंधक असलेलं कटिंग ऑइल मिळालं तर तेच. आमच्याकडे खोबरेलावर कामं झालीत आणि बरी झालीत, पण थंडीत सकाळी वाटीत गोठलेलं असतं. गनमेटलला मात्र तेल नको, कोरडंच चालव.

२९ की सरळ? दीड पिचपर्यंत सरळ दे, बाबांचा मान राख. त्याच्या वर आणि स्टेनलेसला कंपाउंड वळव, कारण सरळ कटला दोन्ही बाजूंचा कीस चरीत एकमेकांवर येतो, अडकतो आणि भिंत फाडतो. ६० च्या आट्याला २९, ५५ च्याला २७. वळवताना आकड्यावर जाऊ नकोस. काही मशीनवर कंपाउंड बेडच्या आडवं असताना शून्य असतं, काहींवर बेडला समांतर असताना, आणि मग माणूस २९ समजून ६१ वर बसतो. कंपाउंड क्रॉस स्लाइडच्या रेषेपासून २९ वळलं पाहिजे. कंपाउंडने कट देताना तिरकं जातेस, त्यामुळे तुझ्या २.०३ खोलीला कंपाउंडच्या डायलवर २.२८ लागतील.

शेवटचं. दीड इंची शाफ्ट स्पिंडलच्या भोकातून मागे काढला असशील तर मागचं टोक अधांतरी ठेवू नकोस. लाकडी घोडा कर, भोकात तेल घाल. बाहेर चार फूट शाफ्ट झोके घेत असेल तर पुढे कितीही जपून काम केलंस तरी आट्यांवर लाटा येणार.

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री

काकांनू, तुमचा सगळा मान्य. पण नवीन माणसाक खांद्यापर्यंत टूल न्हेताना हात कापतत, तेचा काय?

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. आटे जिथे संपतात तिथे शाफ्ट एकदम जाड होतो. अर्धा सेकंद उशीर झाला की टूल भिंतीत. मी पोरांना उलटं शिकवतो. टूल उपडं बांधायचं, खांद्याजवळच्या खाचेतून सुरुवात करायची, मशीन रिव्हर्समध्ये चालवायची. टूल चकपासून दूर, टेलस्टॉककडे बाहेर पळतं. उजवेच आटे पडतात आणि भीती संपते. आरपीएमही वाढवता येतो.

सरावासाठी स्टेनलेस वापरू नकोस गो बाय. भंगारातला काळा बार घे, मार्करने रंगव, आणि नुसते ओरखडे काढत बस. रंगावर ओरखडा लांबूनही दिसतो.

देवगडचा_लेथवाला

युक्ती चांगली, पण तिच्या मशीनवर नाही. कापायचा सगळा जोर रिव्हर्समध्ये, आणि चक आट्यांवर चढवलेला. तो चक उतरायलाच बघणार. कॅमलॉक चक (आट्यांऐवजी खिट्ट्यांनी अडकणारा) असेल त्याने खुशाल करावं.

तिने खांद्याशी खाच पाडावी. रुंदी पिचच्या दीडपट तरी, खोली आट्याच्या तळापेक्षा केसभर जास्त. आणि शेवटचा एक आटा मोटरवर घ्यायचाच नाही. खाचेच्या आधी मोटर बंद, उरलेलं चक हाताने फिरवून. बॅक गिअरमध्ये हाताला जड जातं, पण होतं.

चाकणवाला_सीएनसी

काका, माघार. पण एजी ५५ चा इन्सर्टही मिळतो, ८ आट्यांपर्यंत चालतो. हे फक्त नोंदीसाठी.

देवगडचा_लेथवाला

मिळतो, खरं आहे. गनमेटलचे नवीन नट करायचे असतील आणि ती थेट बाराशे आरपीएमच्या मशीनवर असेल तर घ्यावा. बंदरावर ५५, ६०, इंची, मेट्रिक सगळं एकाच बोटीवर असतं. इंजिन एका देशाचं, पंप दुसऱ्या, नट आजोबांच्या काळचा. दोन तुकडे एचएसएस आणि एक ग्राइंडर असला की कुठलंही टूल घरी होतं. पंधरा इन्सर्ट कोण ठेवणार?

हर्णैची_टर्नर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं ३८१ चं गणित बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग मी काय वेगळं सांगत होतो?"

नटात मेण दाबलं. ५५ चं पान अगदी बसलं, ६० च्या पानाखाली दोन्हीकडे उजेड. टूल ५५ ला घासलं, डावीकडचा क्लिअरन्स वाढवला. आधी मिस्त्रींनी सांगितल्यासारखं काळ्या बारवर केलं, मग दुसऱ्या शाफ्टवर. कंपाउंडचा आकडा खरंच उलटा आहे, आमच्याकडे बेडला समांतर असताना शून्य. २७ साठी ६३ वर नेलं. शेवटचे तीन कट नट हातात घेऊन दिले. नट बोटांनी शेवटपर्यंत जातो आणि हलवला तर आवाज नाही. बाजू आरशासारख्या नाहीत, पण खरवडलेल्याही नाहीत. बाबांनी नखाने चाचपून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की काम पास असतं.

स्टडचं मात्र अडलंय. गिअरच्या डब्यात १२७ आहे, बिडाचा, पण त्याचे लागून तीन दाते तुटलेत. दहा फेऱ्यांचा तपास केला तर तिथे येऊन उडी मारतो. बाबा म्हणतात पूर्वीपासून तसाच आहे आणि मेट्रिक आलं की ते काम चिपळूणला पाठवायचे. मला पाठवायचं नाहीये. नवीन कुठे कापून मिळेल आणि देताना काय सांगायचं?

वेंगुर्ल्याचो_मिस्त्री

आम्ही घाट चढून कोल्हापूरला जातो, उद्यमनगरात गिअर कापणारे आहेत, सोबत जोडीचा गिअर दिला की करून देतात. तुला चिपळूणची खेर्डी किंवा खेडजवळची लोटे एमआयडीसी जवळ पडेल, आधी तिथे विचार. बंदीच्या दिवसांत घाईची कामं सगळीकडेच रांगेत असतात, म्हणून तोवर जुन्यावर ब्रेझिंग करून (पितळ वितळवून भरून) घे आणि तीन दाते कानशीने घासून काढ. शेजारच्या चांगल्या दात्यांचा पत्र्याचा साचा कापून लावत गेलं की येतात. मेट्रिक स्टडला हळू चालवायला पुरेल.

देवगडचा_लेथवाला

देताना नुसतं "१२७ दाते" सांगितलंस तर तो मॉड्यूलमध्ये (दात्यांचं मेट्रिक माप) कापून देईल आणि तुझ्या बाकीच्या गिअरशी जुळणार नाही. इंची मशीनचे गिअर डीपीत (डायमेट्रल पिच, दात्यांचं इंची माप) असतात. डब्यातला चांगला ४० दातांचा गिअर घे, बाहेरचा व्यास इंचात मोज. दात्यांत २ मिळव, व्यासाने भाग. ३ इंच भरला तर ४२ भागिले ३, म्हणजे १४ डीपी, आणि मग तुझ्या १२७ चा बाहेरचा व्यास ९.२१ इंच आला पाहिजे. तुटलेल्यावरही न तुटलेल्या बाजूने मोजून ताडून बघ, पण १२७ विषम आहे, समोरासमोर दाता येत नाही, माप किंचित कमी भरेल.

प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा कोन) जुन्या मशीनवर बहुतेक साडेचौदा अंश असतो, आता सगळे वीसचे कटर ठेवतात, म्हणून ते विचारून घे. भोकाचं माप, चावीच्या खाचेची रुंदी आणि गिअरची जाडी जुन्यावरून. ४० वाला गिअर सोबत दे आणि दोन्ही एकत्र फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

हर्णैची_टर्नर

४० चा मोजला, बरोबर ३ इंच. सोमवारी खेर्डीला जाऊन येते. ब्रेझिंगवाला आमच्या गल्लीतच आहे, तुटलेला आज संध्याकाळीच त्याच्याकडे टाकते.